एका सेकंदाच्या अंतराने दोन्ही इंजिनं गेली: नेपल्स, ९ फेब्रुवारी २०२४

शुक्रवारचा दिवस होता. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या कोलंबसहून निघालेलं एक चार्टर जेट फ्लोरिडातल्या नेपल्स विमानतळावर उतरायला येत होतं. विमान बॉम्बार्डिअर चॅलेंजर ६०४ जातीचं, शेपटीजवळ दोन जनरल इलेक्ट्रिक सीएफ३४-३बी इंजिनं. आत दोन वैमानिक, एक केबिन अटेंडंट आणि दोन प्रवासी. दुपारी ३ वाजून ८ मिनिटांनी टॉवरने धावपट्टी २३ वर उतरायची परवानगी दिली. विमान तेव्हा विमानतळाच्या उत्तरेला साधारण साडेसहा मैलांवर होतं, उंची २,००० फूट, वेग १६६ नॉट (म्हणजे तासाला तितके सागरी मैल). तोवर तक्रार करावी असं काहीच घडलं नव्हतं.

पुढचा क्रम फ्लाइट डेटा रेकॉर्डरमधून आणि टॉवरच्या ध्वनिमुद्रणातून मिळतो. ३:०९:३३ ला डाव्या इंजिनाच्या तेलाचा दाब घसरल्याचा इशारा. ३:०९:३४ ला उजव्या इंजिनाचा तोच इशारा. आणखी सहा सेकंदांनी तिसरा, नुसता ‘इंजिन’ असा. ३:१०:०५ ला वैमानिकांनी टॉवरला कळवलं की दोन्ही इंजिनं गेली आहेत आणि आपण आणीबाणीत उतरतो आहोत. तेव्हा उंची १,००० फूट, वेग १२२ नॉट. टॉवरने पुन्हा उतरण्याची परवानगी दिली. सात सेकंदांनी, ९०० फूट आणि ११५ नॉट असताना उत्तर आलं: परवानगी मिळाली, पण धावपट्टीपर्यंत पोहोचणार नाही.

खाली आंतरराज्य महामार्ग ७५ होता. एका मोटारीतल्या डॅशकॅममध्ये पुढचा प्रसंग टिपला गेला. विमान डावीकडे हलकं वळत आलं, पंख सरळ झाले, वाहतुकीच्या दिशेशी जुळवून घेतलं आणि चाकं मधल्या लेनवर टेकली. मग ते उजवीकडे सरकत रस्त्याच्या कडेला गेलं, काँक्रीटच्या भिंतीवर आदळलं आणि पेटलं. दोन्ही वैमानिक गेले. केबिन अटेंडंटला दिसलं की मुख्य दरवाजा आणि आपत्कालीन दारं आगीने अडली आहेत. तिने दोन्ही प्रवाशांना मागच्या सामानाच्या कप्प्यातून, शेपटीकडच्या दारातून बाहेर काढलं. तिघेही वाचले. पहिल्या इशाऱ्यापासून शेवटपर्यंत सव्वा मिनिटाच्या आसपास वेळ गेला होता.

त्या केबिन अटेंडंटबद्दल फार लिहिलं गेलेलं नाही, म्हणून इथेच थांबून सांगतो. प्रवासी विमानात सामानाच्या कप्प्यातून कोणी बाहेर पडत नाही. बिझनेस जेटमध्ये मात्र बऱ्याचदा केबिनमधून त्या कप्प्यात जाता येतं, आणि हे ज्याला आधीपासून पक्कं ठाऊक आहे त्यालाच धुरात ते आठवतं. लहान चार्टर विमानात केबिन अटेंडंट ठेवणं अनेकदा नियमाने सक्तीचं नसतं. ती नसती तर या प्रकरणातल्या मृतांची संख्या वेगळी असू शकली असती, असं मला ठामपणे वाटतं.

इशारा तेलाचा, दुखणं दुसरीकडे

पहिले दोन इशारे तेलाच्या दाबाचे होते, त्यामुळे अपघातानंतर लगेच तेलाबद्दल तर्क सुरू झाले. तेल गळलं का, चुकीचं भरलं का, कोणी झाकण उघडं ठेवलं का. प्रश्न साहजिक आहेत. पण दोन वेगवेगळ्या तेलप्रणाल्या एका सेकंदाच्या अंतराने रिकाम्या होतील, ही गोष्ट पटणं कठीण.

तेलाचा पंप इंजिनाच्या कोअरवरून, गिअरबॉक्समार्फत फिरतो. कोअर म्हणजे उच्चदाब कंप्रेसर आणि त्याला फिरवणारं टर्बाइन. कोअरचे फेरे आयडलच्या, म्हणजे इंजिन स्वतःहून चालू राहतं त्या किमान वेगाच्याही, खाली उतरले की पंप मंदावतो, दाब घसरतो आणि कॉकपिटमध्ये लाल अक्षरं उमटतात. म्हणजे दाब घसरला म्हणून इंजिन गेलं असं झालं नव्हतं. इंजिन आधीच खचत होतं आणि त्याची पहिली खबर तेलाच्या गेजने दिली. हा उलटा क्रम लक्षात आला की तपासाची दिशाच बदलते. मग प्रश्न असा उरतो: दोन्ही कोअरचे फेरे एकाच वेळी का उतरले?

संशयितांची यादी

दोन इंजिनं एकदम जातात तेव्हा अनुभवी तपासनीस आधी इंजिनांकडे पाहतच नाही. दोघांत सामाईक काय आहे ते तो शोधतो. बिझनेस जेटमध्ये सामाईक गोष्टी मोजक्याच: टाकीतलं इंधन, बाहेरची हवा, वैमानिकाचा हात आणि हँगरमधला, म्हणजे देखभाल करणाऱ्यांचा, हात.

इंधनाचं नाव नेहमी पहिलं येतं, आणि ते योग्यच आहे. सगळ्यात साधं कारण म्हणजे इंधन संपणं. नेपल्सच्या विमानाने परतीसाठी कोलंबसला सुमारे ३५० गॅलन इंधन घेतलं होतं आणि अपघातानंतर मोठी आग लागली, म्हणजे टाक्या कोरड्या नव्हत्या. मग येतं दूषित इंधन. टाकीच्या तळाशी साठलेलं पाणी हा जुना शत्रू. त्यासाठी ड्रेनमधून नमुना काढून तो स्वच्छ आणि चमकदार आहे का, हे उजेडात धरून पाहायची पद्धत आहे. नवा शत्रू अधिक फसवा निघाला. ९ मे २०१९ रोजी फ्लोरिडातल्याच पुंटा गोर्डा इथे दोन सेसना सायटेशन ५५० विमानांत जेट इंधनाबरोबर डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड गेलं. हा द्रव डिझेल ट्रकांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड कमी करण्यासाठी वापरतात. त्यात ३२.५ टक्के युरिया असतो, बाकीचं शुद्ध पाणी. तो दिसतो पाण्यासारखा, आणि इंधन गोठू नये म्हणून घालायचं अ‍ॅडिटिव्हही जवळपास तसंच दिसतं. इंधन भरणाऱ्या ट्रकच्या आसपास दोन्हींचे डबे असू शकतात. जेट इंधनात हा द्रव मिसळला की त्याचे न विरघळणारे स्फटिक तयार होतात, आणि ते फिल्टरमध्ये, नॉझलमध्ये जाऊन बसतात. त्या दोनपैकी एका विमानाची दोन्ही इंजिनं उंचावर गेली आणि ते तरंगत येऊन सव्हानाला सुखरूप उतरलं. दुसऱ्याचं एक इंजिन गेलं आणि ते लुइव्हिलकडे वळलं. त्याआधी ओमाहा आणि मायामीजवळच्या ओपा लोका विमानतळावरही अशीच चूक झाली होती.

औषधाचा डोसही चुकू शकतो. इंधनात बुरशी आणि जिवाणू वाढू नयेत म्हणून बायोसाइड घालतात. २०२० च्या फेब्रुवारीत लंडनच्या गॅटविकहून उडालेल्या एका एअरबस ए३२१ च्या टाक्यांमध्ये शिफारशीच्या सुमारे ३८ पट बायोसाइड गेलं होतं. दोन्ही इंजिनं अडखळू लागली. विमान लगेच परतलं आणि सगळे वाचले. विमान मोठं होतं, पण बिझनेस जेटलाही हे तितकंच लागू आहे.

तरीही इंधनाच्या दोषात बहुतेक वेळा दोन इंजिनांमध्ये काही मिनिटांचं अंतर पडतं. एक फिल्टर आधी भरतो, दुसरा नंतर. नेपल्सला अंतर एका सेकंदाचं होतं. इंधनाच्या नमुन्यांत भेसळीचा पुरावाही मिळाला नाही.

हवेकडे वळू. पक्ष्यांचा थवा, ज्वालामुखीची राख, मुसळधार पाऊस आणि गारा: या प्रत्येकाने इतिहासात कधी ना कधी दोन्ही इंजिनं बंद पाडली आहेत. बिझनेस जेटसाठी मात्र यातला सगळ्यात छुपा प्रकार म्हणजे बर्फाचे सूक्ष्म स्फटिक. २००४ ते २००६ या काळात बीचजेट ४०० मालिकेतल्या विमानांची दोन्ही इंजिनं उंचावर विझल्याच्या घटना घडल्या. त्यातली एक २८ नोव्हेंबर २००५ ची, जॅक्सनव्हिलजवळची. उंची ३८,००० फूट. तिथे वैमानिकांनी इंजिनांशिवाय विमान उतरवलं. त्या उंचीवर वादळी ढगांच्या आसपास स्फटिक इतके बारीक असतात की काचेवर काही चिकटत नाही, रडारवर फारसं दिसत नाही, आणि इंजिनाची अँटी-आइस यंत्रणा चालू करावी असं कोणालाच वाटत नाही. पण कंप्रेसरच्या आत, पहिल्या काही टप्प्यांत ते अर्धवट वितळतात आणि स्थिर पात्यांवर पुन्हा गोठून बसतात. वैमानिक उतरायला सुरुवात करतो, थ्रॉटल मागे ओढतो, आणि नेमक्या त्याच क्षणी इंजिन विझतं. दोन्ही थ्रॉटल एकदम मागे ओढले जातात, म्हणून दोन्ही इंजिनं एकदमच जातात. हा शेवटचा मुद्दा जपून ठेवा, नेपल्सच्या बाबतीत तो पुन्हा लागणार आहे. बर्फाचा प्रश्न मात्र तिथे नव्हताच: २,००० फुटांवर, फ्लोरिडात, दुपारी.

वैमानिकाच्या हाताचं सगळ्यात वेदनादायक उदाहरण याच घराण्यातलं आहे. चॅलेंजरच्या आराखड्यावरूनच प्रवासी वाहतुकीचं सीआरजे-२०० तयार झालं, आणि त्यातही सीएफ३४-३ मालिकेचीच इंजिनं आहेत. १४ ऑक्टोबर २००४ रोजी पिनॅकल एअरलाइन्सचं असं एक विमान प्रवाशांविना दुसरीकडे नेलं जात होतं. दोन्ही वैमानिकांनी ते ४१,००० फुटांपर्यंत, म्हणजे त्याच्या कमाल मर्यादेपर्यंत नेलं. वेग घटत गेला, विमान स्टॉल झालं, म्हणजे पंखांची उचल गेली, इंजिनांत जाणारी हवा विस्कटली आणि दोन्ही इंजिनं विझली. वाऱ्याच्या जोरावर इंजिन पुन्हा पेटवायला सुमारे ३०० नॉट वेग लागतो. तो त्यांनी गाठलाच नाही. दरम्यान गरम कोअर असमान थंड होऊन जाम झाले. याला कोअर लॉक म्हणतात. मिझुरीतल्या जेफरसन सिटीजवळ विमान कोसळलं आणि दोघेही मरण पावले. नेपल्सच्या बातमीनंतर अनेकांना हाच अपघात आठवला, पण साम्य इंजिनाच्या नावापुरतंच होतं. पिनॅकलच्या वैमानिकांकडे उंची होती, वेळ होता. नेपल्सला दोन्ही नव्हतं.

उरला हँगर. इथेही जुना धडा उपलब्ध आहे. ५ मे १९८३ रोजी मायामीहून नसाऊला निघालेल्या ईस्टर्न एअरलाइन्सच्या एल-१०११ विमानाच्या तिन्ही इंजिनांतलं तेल वाहून गेलं, कारण आदल्या रात्री तिन्ही ठिकाणी चिप डिटेक्टर (तेलातले धातूचे कण टिपणारं उपकरण) बसवताना रबरी ओ-रिंग बसवल्याच नव्हत्या. एक इंजिन पुन्हा सुरू झालं म्हणून १७२ जण मायामीला परतले. तीन इंजिनांची सुरक्षा एकाच रात्रीच्या एकाच चुकीने संपली होती.

कंप्रेसरच्या आत

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, दोन्ही इंजिनं उघडली तेव्हा उत्तर कंप्रेसरमध्ये सापडलं. त्यासाठी आत काय असतं ते थोडं जवळून पाहावं लागेल.

सीएफ३४-३ चा मूळ वंश लष्करी आहे. ए-१० विमानाला बसणाऱ्या टीएफ३४ इंजिनापासून ते निघालं. त्याच्या उच्चदाब कंप्रेसरला १४ टप्पे आहेत. प्रत्येक टप्प्यात फिरणाऱ्या पात्यांची एक रांग आणि तिच्यामागे स्थिर पात्यांची, म्हणजे व्हेनची, एक रांग. पूर्ण वेगात इतके टप्पे उत्तम काम करतात. मंद वेगात मात्र पंचाईत होते: पुढचे टप्पे हवा आत घेतात, पण मागच्या अरुंद टप्प्यांना ती पुरेशी दाबून पुढे रेटता येत नाही. हवा तुंबते आणि पुढच्या पात्यांवर ती चुकीच्या कोनातून येऊ लागते. विमानाचा पंख नाक फार वर केल्यावर स्टॉल होतो, तसंच त्या बोटभर पात्यांचंही होतं.

यावर उपाय म्हणून अगदी पुढच्या गाइड व्हेन आणि त्यामागच्या पहिल्या पाच टप्प्यांच्या व्हेन हलत्या ठेवल्या आहेत. प्रत्येक व्हेनच्या टोकाला एक छोटा दांडा केसिंगच्या, म्हणजे बाहेरच्या कवचाच्या, भोकातून बाहेर येतो. बाहेर त्याला एक तरफ, अशा सगळ्या तरफांना जोडणारं एक कडं, आणि कडी फिरवायला इंधनाच्या दाबावर चालणारे अ‍ॅक्च्युएटर. इंजिन मंद असताना व्हेन मिटलेल्या, वेग वाढेल तशा उघडत जायच्या. कोणत्या फेऱ्याला किती उघडायच्या याचं वेळापत्रक ठरलेलं असतं. या संपूर्ण यंत्रणेला व्हेरिएबल जिऑमेट्री म्हणतात.

नेपल्सच्या विमानात या यंत्रणेचे भाग दोन्ही इंजिनांत गंजले होते. गंज म्हणजे वाढ. ज्या भोकात दांडा सैलसर फिरायला हवा, तिथली फट भरून येते. व्हेन फिरवायला जास्त जोर लागतो, ती उशिरा फिरते किंवा अर्धवट फिरते. वेळापत्रक चुकतं. थ्रॉटल मागे आल्यावर व्हेन मिटायला उशीर झाला, तर पुढच्या टप्प्यांना नको तेवढी हवा नको त्या कोनातून मिळते आणि स्टॉल अगदी उंबरठ्यावर येऊन उभा राहतो.

तो स्टॉलही सगळ्या परिघात एकदम होत नाही. काही पाती आधी स्टॉल होतात, त्यांच्यामुळे शेजारच्या पात्यांवरचा कोन बिघडतो, मग ती स्टॉल होतात आणि पहिली सावरतात. असा स्टॉलचा पट्टा रोटरच्या साधारण निम्म्या वेगाने कंप्रेसरभोवती फिरत राहतो. म्हणून त्याला रोटेटिंग स्टॉल म्हणतात. यात धडाका नसतो, ज्वाळा बाहेर येत नाहीत. हवा कमी पडते, इंधन येतच राहतं, टर्बाइनचं तापमान चढतं आणि फेरे मात्र आयडलच्या खाली घसरत जातात. थ्रॉटल पुढे ढकलला तर इंधन वाढतं, तापमान आणखी चढतं, फेरे वाढत नाहीत. इंधन पूर्ण तोडून इंजिन नव्याने सुरू करणं हाच खरा उपाय, आणि त्याला उंची व वेळ लागतो. एनटीएसबीने ठरवलेलं संभाव्य कारण हेच आहे: व्हेरिएबल जिऑमेट्रीच्या भागांवरचा गंज, त्यामुळे वेळापत्रकाबाहेर चाललेल्या व्हेन, आणि अ‍ॅप्रोचवर (उतरण्यासाठी धावपट्टीकडे येताना) दोन्ही इंजिनांत जवळजवळ एकाच वेळी आलेला, आयडलखालचा रोटेटिंग स्टॉल.

एकाच सेकंदात कसं, हा प्रश्न मात्र बराच काळ डोक्यातून जात नाही. माझा तर्क असा. दोन्ही इंजिनं सारखीच आजारी होती, म्हणजे दोन्ही उंबरठ्याच्या जवळजवळ सारख्याच अंतरावर होती. अ‍ॅप्रोचवर दोन्ही थ्रॉटल एकाच हाताने एकत्र हलतात, दोन्ही इंजिनांना त्याच उंचीवरची तीच हवा मिळते, दोन्ही त्याच कमी फेऱ्यांच्या पट्ट्यात येतात. बीचजेटमध्ये बर्फाने जे केलं, ते इथे गंजाने केलं. शेवटचा धक्का दोघांना एकाच क्षणी बसला.

महिनाभर आधीचा इशारा

या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग अपघाताच्या दिवशी घडलाच नाही. सुमारे महिनाभर आधी याच विमानाच्या दोन्ही इंजिनांना हंग स्टार्ट झाले होते.

हंग स्टार्ट म्हणजे इंजिन पेटतं, पण फेरे आयडलपर्यंत चढत नाहीत, मध्येच लटकतात. तापमान मात्र वाढत जातं. वैमानिक इंधन तोडतो आणि तंत्रज्ञांना बोलावतो. तंत्रज्ञ नेहमीच्या वाटेने जातो: स्टार्टरला पुरेशी हवा मिळते का, एपीयू (हवा आणि वीज पुरवणारं छोटं सहायक इंजिन) अशक्त आहे का, इंधन नियंत्रक योग्य प्रमाणात इंधन देतो का, ब्लीड व्हॉल्व्ह (कंप्रेसरमधली हवा बाहेर सोडणारी झडप) अडकला आहे का, मागून वारा होता का. या वाटेत चूक काही नाही. बहुतेक हंग स्टार्ट यातल्याच एखाद्या कारणाने होतात.

पण इंजिनाच्या रोजच्या आयुष्यात आयडलच्या खालचा पट्टा पेटत्या अवस्थेत फक्त एकदाच ओलांडला जातो, सुरू होताना. आकाशात इंजिन त्या पट्ट्यात जातच नाही. त्यामुळे व्हेन चुकीच्या कोनात असल्या आणि त्या पट्ट्यात कंप्रेसर स्टॉल होत असेल, तर ते जमिनीवर हंग स्टार्ट म्हणूनच दिसणार. महिनाभर आधी जमिनीवर दिसलेलं लक्षण आणि अ‍ॅप्रोचवर झालेला स्टॉल हा एकच आजार होता.

इंजिन उत्पादकाच्या दोषशोध मार्गदर्शनात ही वाट पुरेशी दाखवलेली नव्हती. अपुऱ्या मार्गदर्शनामुळे त्या वेळी गंज ओळखला गेला नाही, असं एनटीएसबीने सहायक कारण म्हणून स्पष्ट नोंदवलं आहे. हा शब्दप्रयोग विचारपूर्वक केलेला आहे. दोष तंत्रज्ञावर ढकललेला नाही. पुस्तिकेत जे पान नाही, ते पान तो उघडणार कुठून?

तरीही एक गोष्ट पुस्तिकेशिवाय दिसण्यासारखी होती: दोन्ही इंजिनांना एकच लक्षण, जवळपास एकाच काळात. एका इंजिनाचा हंग स्टार्ट ही त्या इंजिनाची तक्रार असते. दोन्हींचा हंग स्टार्ट ही त्यांच्यातल्या सामाईक गोष्टीची तक्रार असते, आणि ती शोधल्याशिवाय विमान पुन्हा लाइनवर जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दोन इंजिनांच्या सुरक्षेचं गणित एका गृहीतकावर उभं आहे. समजा, एका तासाच्या उड्डाणात एक इंजिन बंद पडण्याची शक्यता एक लाखात एक आहे. बिघाड परस्परांपासून स्वतंत्र असतील तर दोन्ही त्याच तासात जाण्याची शक्यता एक हजार कोटींत एक. हा आकडा इतका लहान आहे की त्याची चिंता करायचं कारणच उरत नाही. पण दोन्ही इंजिनं एकाच वयाची, एकाच हवेत उभी राहिलेली, एकाच धुण्याच्या वेळापत्रकावरची आणि एकाच पुस्तिकेने तपासलेली असतील, तर स्वातंत्र्य संपतं. मग दुसऱ्या इंजिनाची शक्यता पहिल्याशी गुणायची नसते. पहिलं गेलं की दुसरं जवळजवळ गेल्यातच जमा असतं.

बिझनेस जेटला हा धोका प्रवासी विमानापेक्षा जास्त सतावतो, असं मानायला ठोस कारण आहे. प्रवासी विमान वर्षाला हजारो तास उडतं. बिझनेस जेट सहसा काहीशे तास. उरलेला वेळ ते उभं असतं. अपघातग्रस्त विमान चालवणारी कंपनी फोर्ट लॉडरडेलची, म्हणजे अटलांटिक किनाऱ्यावरची. खारी दमट हवा थंड इंजिनात शिरते, रात्री दव धरतं, मीठ बारीक फटींत साचतं. इंजिनाची देखभाल प्रामुख्याने उड्डाणाच्या तासांवर मोजली जाते, गंज मात्र कॅलेंडरवर वाढतो. कमी तास झालेलं इंजिन कागदावर तरुण दिसतं आणि आतून म्हातारं होत जातं. विकत घेताना ‘इंजिनाचे तास फारच कमी झालेत’ हे कौतुकाने सांगितलं जातं. किनाऱ्यावर उभ्या राहिलेल्या विमानाच्या बाबतीत मी ते ऐकून आधी बोरोस्कोपचा (इंजिन न उघडता आत पाहणाऱ्या कॅमेऱ्याचा) अहवाल मागेन.

लांब समुद्रावरून जाणाऱ्या दोन इंजिनी विमानांसाठी ईटॉप्सचे नियम आहेत. त्यात एक साधी तरतूद आहे: दोन्ही इंजिनांवर तेच काम एकाच तंत्रज्ञाने एकाच वेळी करायचं टाळावं, आणि करावंच लागलं तर वेगळी तपासणी असावी. ईस्टर्नच्या त्या रात्रीसारख्या चुकांवर हा उतारा आहे. देशांतर्गत चार्टर उड्डाणांना तो सहसा लागू नसतो. पण नेपल्सच्या प्रकरणात तो लागू असता तरी पुरला नसता, कारण इथे कोणाचा हात चुकला नव्हता. हवेने आणि काळाने दोन्ही इंजिनांवर तेच काम केलं होतं, आणि त्याची नोंद कोणत्याच कार्डावर नव्हती.

कॉकपिटमध्ये काही करता आलं असतं का

फारसं नाही. आकडे पाहा. इशारा आला तेव्हा २,००० फुटांच्या आसपास उंची. समजा, इंजिनांशिवाय विमान एक फूट खाली येताना बारा फूट पुढे जातं. तरी २,००० फुटांत २४,००० फूट, म्हणजे सुमारे चार सागरी मैल. तेही चाकं आणि फ्लॅप वर असताना, अचूक वेगात. उतरायला सज्ज विमानात ते अंतर झपाट्याने कमी होतं. दोन्ही इंजिनं बंद पडल्यावरची चेकलिस्ट मुळात उंचावरच्या घटनेसाठी लिहिलेली असते: वेग वाढवा, एपीयू सुरू करा, मग इंजिन पेटवा. १,००० फुटांवर ३०० नॉट गाठण्यासाठी नाक खाली दाबता येत नाही. पहिल्या इशाऱ्यानंतर बत्तीस सेकंदांत त्या दोघांनी काय झालं ते ओळखून टॉवरला कळवलं, आणखी सात सेकंदांत धावपट्टी मिळणार नाही हे मान्य केलं आणि मग पंख सरळ ठेवून विमान वाहत्या महामार्गाच्या दिशेला लावलं. तिघांचे प्राण वाचले त्यात या निर्णयाचाही वाटा आहे.

म्हणून प्रश्न पुन्हा हँगरमध्येच येतो, आणि तिथे तो सुटण्यासारखा आहे. हंग स्टार्टच्या तपासणीत व्हेन हलवायला किती जोर लागतो ते मोजणं, अ‍ॅक्च्युएटरच्या पूर्ण फेऱ्यात त्या कुठे अडखळतात ते पाहणं, बोरोस्कोपने केसिंगची आतली भिंत आणि व्हेनची मुळं तपासणं, ही कामं सुट्टे भाग बदलत बसण्याच्या आधी यायला हवीत. किनाऱ्यावर उभ्या राहणाऱ्या विमानांच्या कंप्रेसरची धुलाई आणि तपासणी तासांबरोबरच महिन्यांवरही बांधायला हवी.

आणि एक छोटी, बिनखर्चाची गोष्ट. प्रत्येक इंजिनाचं लॉगबुक वेगळं असतं. डाव्याचा हंग स्टार्ट डाव्याच्या वहीत, उजव्याचा उजव्याच्या. दोन्ही नोंदी आपापल्या जागी नीट पूर्ण होतात, सही होते, विमान सुटतं. वर्क ऑर्डरवर एक ओळ छापून घ्यावी: ‘दुसऱ्या इंजिनात गेल्या तीन महिन्यांत हेच लक्षण दिसलं होतं का?’ उत्तर ‘हो’ असेल तर सही तंत्रज्ञाने एकट्याने करू नये, देखभाल प्रमुखाने दोन्ही वह्या शेजारी उघडून ठेवून करावी.